वळणावरचा धक्का आणि आपली मैदाने

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तालुकास्तरीय शालेय मैदानी स्पर्धांच्या आपल्या दैनिकातील वृत्तात मुलींच्या ८०० मीटर शर्यतीतील धक्काबुक्कीला ‘अखिलाडू वृत्ती’ असे म्हटले आहे. ती शर्यत मी वळणालगतच्या जांभ्याच्या गडग्यावर बसून पाहिली. जी पडली ती आणि जिचे कोपर तिला लागले ती, अशा दोघी एकाच जागेसाठी धडपडत होत्या आणि ती जागा दोघींना पुरण्याइतकी नव्हतीच. म्हणून एका शाळकरी मुलीच्या वृत्तीला बोल लावण्याआधी मैदानाच्या आखणीकडे पाहावे, अशी विनंती आहे.

आपल्याकडे अशा बऱ्याच स्पर्धा फक्कीने आखलेल्या २०० मीटरच्या मैदानावर होतात. तेथे ८०० मीटरला चार फेऱ्या, म्हणजे आठ वळणे. लेनची रुंदी १.२२ मीटर धरली, तर एक लेन बाहेरून धावणारीला दर वळणावर सुमारे ३.८ मीटर जास्त धावावे लागते. वळण लहान असो वा मोठे, हा हिशेब बदलत नाही. ४०० मीटरच्या ट्रॅकवर वळणे चारच, त्यातही पहिले वळण प्रत्येकीने आपापल्या लेनमध्ये धावायचे असते, त्यामुळे बाहेर अडकलेलीचे नुकसान साडेअकरा मीटरच्या आसपास राहते. आपल्या मैदानावर तेच तीस मीटरांच्या वर जाते, आणि अडीच मिनिटांत शर्यत पुरी करणाऱ्या मुलीला ते साडेपाच सेकंदांहून अधिक महाग पडते. हे गणित मुलींना कोणी शिकवलेले नसते, पण दोन-चार शर्यती धावल्या की पायांना ते कळते. मग शिट्टी वाजताच पंचवीसजणी एकदम आतल्या रेषेकडे झेपावतात. तेथे कोपर लागले नाही, तरच नवल.

मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत स्पर्श म्हणजे गुन्हा नव्हे. ज्या धक्क्यामुळे एखाद्याला गैरवाजवी फायदा मिळतो किंवा दुसऱ्याला इजा वा नुकसान होते, तोच आंतरराष्ट्रीय नियमांनी दोषी ठरवला आहे. तो ठरवायला मात्र कोणीतरी पाहिलेला असावा लागतो. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपल्या राज्याची अर्चना आढाव ८०० मीटरमध्ये पहिली आली, पण शेवटच्या टप्प्यात श्रीलंकेच्या धावपटूला अडथळा केल्याची तक्रार मान्य झाली आणि सुवर्णपदक गेले. उलट २०१९ मध्ये दोह्याच्या जागतिक स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेरीत इतरांमुळे अडखळावे लागले, तेव्हा चित्रफीत पाहून त्याला अंतिम फेरीत घेण्यात आले, आणि तेथे त्याने ८ मिनिटे २१.३७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. परवाच्या शर्यतीत वळणावर एकही पंच नव्हता. सगळे अंतिम रेषेपाशी घड्याळे घेऊन उभे होते. त्यामुळे जिचे कोपर लागले तिचा दोष होता की नव्हता, हे ठरलेच नाही, आणि जी पडली तिला दुसरी संधीही मिळाली नाही.

थोडा दोष आम्हा क्रीडाशिक्षकांचाही आहे. आमची मुले भाट्याच्या समुद्रकाठच्या पुळणीवर, म्हणजे वाळूत, धावून दम कमावतात, आणि तो खरोखर चांगला असतो. पण पुळणीवर ना वळण असते, ना गर्दी. आतल्या रेषेला चिकटून पुढचीच्या टाचेमागे राहिले की अंतर वाचते, पण बाहेरून कोणी बरोबरीला आली की कोंडी होते, आणि त्या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी कोपराखेरीज दुसरा उपाय मुलीला माहीत नसतो. अशा वेळी पुढचीच्या उजव्या खांद्यापाशी, अर्धे पाऊल बाहेर राहावे, किंवा थोडा वेग कमी करून मागून वाट काढावी. हे सांगून येत नाही, तर पाच-सहाजणींना एकाच लेनमध्ये खांद्याला खांदा लावून धावायला लावले म्हणजे येते. तरीही चूक होऊ शकते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मोरोक्कोचा हिशाम अल गुरूज अल्जीरियाच्या नूरुद्दीन मोर्सेलीच्या इतका निकट होता, की शेवटच्या फेरीच्या तोंडावर मोर्सेलीच्या पायात पाय अडकून तो पडला आणि शेवटचा आला. त्याला ऑलिंपिक सुवर्णपदकासाठी २००४ पर्यंत थांबावे लागले. जगातल्या पहिल्या दर्जाच्या धावपटूची ही गत, तर आठवीतल्या मुलीला आपण किती बोलावे?

जिल्हास्तरीय स्पर्धा अजून व्हायच्या आहेत. तेथे एका शर्यतीत बाराहून अधिक मुली नसाव्यात, म्हणजे प्राथमिक फेऱ्या वाढतील आणि दुपार लांबेल, हे मान्य आहे. सहा लेन आखून प्रत्येकीत दोघींना उभे करता येते; पहिल्या वळणानंतर फक्कीने एक वक्र रेषा मारली, की तिच्यापुढेच आत येण्याची मुभा द्यावी. दोन्ही वळणांवर पिवळा झेंडा हाती असलेला एकेक पंच उभा करावा. यासाठी सिंथेटिक ट्रॅकची वाट पाहण्याची गरज नाही. फक्कीची आणखी एक गोणी आणि दोन माणसे पुरतील.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
रत्नागिरी