गुणी बाळ आणि साखर

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या अंकातला लहान मुलांच्या मधुमेहावरचा लेख वाचला. चांगला आहे, पण साखर वाढते तशी कोसळतेही, आणि तान्ह्या बाळाची कोसळली तर मेंदूवर बेतते, हे त्यात कुठेच नाही.

माझा नातू गेल्या वर्षी इंदुरातच एका प्रसूतिगृहात जन्मला. सव्वाचार किलोचा! रामबागेतून बघायला येणारे म्हणायचे, "पैलवान आहे हो, आणि किती गुणी, रडत म्हणून नाही." तिसऱ्या दिवशी हा गुणी पैलवान दुधालाही उठेना. दोनदा जाऊन सांगितलं. "बाळं झोपतातच, आजी," एवढंच उत्तर. संध्याकाळी हातपाय झटकू लागला, तेव्हा कुठे टाचेतून थेंबभर रक्त काढलं. मीटरवर साखर फक्त २४, फारच कमी.

मोठ्या रुग्णालयात कळलं, याचं स्वादुपिंड साखर उतरली तरी इन्सुलिन सोडतच राहतं. त्या इन्सुलिनपायी कीटोन्सही पुरेशी होत नाहीत, म्हणजे मेंदूला साखरेच्या बदल्यात चालणारं इंधनही बंद. शिरेतून ग्लुकोज चालू असूनही आकडा टिकेना, म्हणून ग्लुकागॉन दिलं. हे इन्सुलिनच्या उलट वागणारं हार्मोन, १९२३ पासून माहीत असलेलं; यकृतातली साठवलेली साखर रक्तात आणतं. पण तो तात्पुरता आधार. इन्सुलिन रोखणारं डायझॉक्साइड हे औषध लागू पडलं नाही, मग ऑक्ट्रिओटाइड आलं. सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनची ही नक्कल इन्सुलिनला लगाम घालते. दर सहा तासांनी, मांडीच्या कातडीखाली.

फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी त्याची स्टीलची डबी असायची. रात्री दोनची सुई माझ्याकडे. गार औषध जास्त झोंबतं, म्हणून मी ती कुपी आधी मुठीत धरून बसत असे. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईच्या डॉक्टरांकडे निघालो, तेव्हा बर्फाच्या थर्मासवर सुनेपेक्षा माझंच लक्ष जास्त!

नातू आता रांगतो, डबे पाडतो, भरपूर रडतो. पण ते अर्ध्या दिवसाचं "झोपतातच" मला अजून विसरता येत नाही. दुधाला न उठणाऱ्या, थरथरणाऱ्या किंवा अंगाने फार थोराड बाळाची साखर शहरातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाने लगेच बघावी, घरच्यांनी मागे लागायची वेळ आणू नये. मीटरची पट्टी सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाच्या प्लेटपेक्षा स्वस्त मिळते.

एक आजी,
रामबाग, इंदूर