अकराशे रुपयांचा हिशेब

महोदय,

विद्यापीठे माजी विद्यार्थ्यांकडे आणि हितचिंतकांकडे सारखे पैसे मागत असतात, अशी तक्रार अलीकडे वारंवार कानावर येते. एका विद्यापीठाच्या निधी-संकलन विभागात गेली नऊ वर्षे मी देणगीची आवाहने, प्रस्ताव आणि आभारपत्रे लिहिण्याचे काम करते. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, लोक मागण्याने दुखावत नाहीत. पैसे हाती आल्यावर आपण जे मौन पाळतो, त्याने ते दुखावतात.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या निधीसाठी आम्ही तीस-चाळीस पानांचा प्रस्ताव लिहितो, करारात ठरल्याप्रमाणे दर तिमाहीला अहवाल पाठवतो, सोबत विनियोग प्रमाणपत्र आणि छायाचित्रे जोडतो. हे सारे योग्यच आहे. मात्र ज्याने पाचशे किंवा हजार रुपये पाठवले, त्याच्या वाट्याला संगणकातून निघालेली पावती, तीन ओळींचे इंग्रजी आभारपत्र आणि त्यानंतर थेट पुढच्या वर्षीचे आवाहन येते.

दर जूनमध्ये एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा अकराशे रुपयांचा धनादेश आमच्याकडे येतो. तीन वर्षांपूर्वी त्याला टाचणीने जोडलेली एक चिठ्ठी होती. वहीच्या आखीव कागदावर, शिरोरेघ न चुकवता लिहिले होते, ‘मागील वर्षी पाठविलेल्या रकमेचा विनियोग कसा झाला, हे कळविल्यास आभारी होईन.’ त्यावर ‘उत्तराची आवश्यकता नाही’ असा शेरा मारून कोणीतरी ती दप्तरी लावली होती. लेखा विभागात दोन दिवस नोंदी चाळल्यावर मला समजले की, ते पैसे वसतिगृहाच्या भोजन साहाय्य निधीत जमा होऊन एका विद्यार्थिनीच्या थकलेल्या मेस-बिलापोटी गेले होते. मुलीचे नाव न घालता तेवढे मी एका पानात मराठीतून कळवले. पुढच्या जूनमध्ये धनादेशासोबत पुन्हा चिठ्ठी आली, ‘पत्र पावले. हे बिल किती महिन्यांचे होते?’ त्या रकमेत एक महिनाही पुरा झालेला नव्हता, आणि मी तसेच कळवले. त्यानंतरही त्यांचा धनादेश आला.

अशा दात्यांना करसवलतीचा मोह असतो, हा समजही मला मान्य नाही. आयकराच्या नव्या प्रणालीत अशा देणगीवरची वजावट मिळतच नाही, तरीही ती प्रणाली स्वीकारलेली माणसे देणगी पाठवतात. त्यांना आपला पैसा कुठे पोहोचला, एवढेच जाणून घ्यायचे असते.

महाराष्ट्रातील शिक्षणसंस्था तर अशाच पैशांवर उभ्या राहिल्या. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या नावे दिलेल्या पंधरा लाख रुपयांचा उल्लेख महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाच्या संदर्भात नेहमी होतो. पण ती देणगी १९२० ची. १८९६ मध्ये सुरू झालेल्या अनाथ बालिकाश्रमासाठी कर्वे त्याआधी वर्षानुवर्षे दारोदार फिरून लहानसहान वर्गण्या गोळा करत होते, आणि वयाच्या सत्तरीनंतरही संस्थेची माहिती सांगत त्यांनी युरोप, अमेरिका, आफ्रिका पालथी घातली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर घराघरांतून मुठीमुठीने धान्य जमवून वसतिगृहातली मुले जेवू घातली. मूठभर धान्य देणाऱ्या घराला ती मुले डोळ्यांसमोर दिसत होती. आज पाचशे रुपये देणाऱ्याला काहीच दिसत नाही.

दिसावे म्हणून विद्यार्थ्यांच्या गरिबीचे प्रदर्शन मांडणे मात्र मला साफ अमान्य आहे. एका आवाहनात मी एका विद्यार्थिनीविषयी ‘अठराविश्वे दारिद्र्यात वाढलेली’ असे लिहिले होते. मसुदा वाचून ती शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, बाबा शेती करतात, एवढंच लिहा ना.’ तिचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला मसुदा दाखवल्याशिवाय मी तो पुढे पाठवत नाही.

देणगीदारांना करसवलतीसाठी लागणारे देणगीचे प्रमाणपत्र दरवर्षी ३१ मेपर्यंत द्यावेच लागते, त्यामुळे नावे आणि रकमा प्रत्येक संस्थेजवळ तयार असतात. त्याच पाकिटात किंवा ई-मेलमध्ये, रकमेचा भेद न करता, एक पान मराठीतून जावे. कोणत्या निधीत किती रक्कम आली, ती कशावर खर्च झाली, किती शिल्लक आहे आणि एखादे काम रखडले असेल तर का रखडले, एवढे त्यात असावे. ‘एवढ्या लोकांना लिहायला माणसे कुठून आणायची?’ असे मला विभागात विचारले जाते. निधीवार मजकूर एकदाच लिहावा लागतो आणि तो लिहिण्यासाठीच माझ्यासारख्यांची नेमणूक झालेली असते. कुलगुरूंनी आणि संस्थाचालकांनी येत्या मे महिन्यापासून याची सुरुवात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– विद्यापीठातील एक निधी-लेखिका, पुणे
(विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही.)