चिनूचं मराठी तोडू नको

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळू,

पत्राला उशीर झाला, शिव्या घालून झाल्या असतील तुझ्या. आईचा गुडघा आहे तसाच, बाकी बरं. तुझ्या चिनूच्या तपासणीत 'वर्किंग मेमरी कमी' (म्हणजे ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून वापरायची ताकद कमी) असा शेरा आला म्हणून वहिनींनी त्याच्याशी घरात मराठी बंद केलं, असं सुन्या सांगत होता. अरे, मग काकूंनी नातवाशी खुणांनी बोलायचं काय?

आकडे ऐकवून तेच परत म्हणायला लावायची ती तपासणी कन्नडमधून झाली, गोम तिथंच आहे. ऐकलेले आकडे आपण मनातल्या मनात घोळवत धरून ठेवतो आणि दोनेक सेकंदांत म्हणून होतील तेवढेच टिकतात. मराठीत एक, दोन, तीन, चार झटक्यात संपतात. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, म्हणायला लांब. त्यात घरी मराठी बोलणाऱ्या पोराची जीभ अजून तिथं रुळलेली नाही. शेवटच्या आकड्यापर्यंत येतो तोवर पहिला निसटतो. एलिस आणि हेनेली या संशोधकांनी १९८० साली वेल्श-इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांत हेच दाखवलं: वेल्श आकडे म्हणायला वेळ जास्त, म्हणून लक्षात कमी.

घरीच करून बघ, आधी मराठीतून. सेकंदाला एक आकडा, सपाट आवाजात. फोन नंबर सांगतो तसं जोड्या पाडून म्हणू नको, मग काम सोपं होतं. तीन आकड्यांपासून सुरू कर, मग एकेक वाढव, दर टप्प्याला दोन संधी, दोन्ही चुकल्या की थांब. मग उलट क्रमानं. खरी कसोटी ती, कारण तिथं धरूनही ठेवायचं आणि फिरवायचंही. कन्नडची फेरी दुसऱ्या दिवशी, आकडे बदलून. वहिनींना समोर बसवू नको, त्या ओठ हलवतात. (तूही गणिताच्या पेपरात हलवायचास, आणि उत्तर चुकीचं असायचं.) सात-आठ वर्षांच्या पोराला सरळ पाच, उलट तीन आले तर बिनघोर राहा. शेवटी पाटावर नऊ ठोकळे विस्कटून मांड, न बोलता बोटानं क्रम दाखव, त्याला तसाच दाखवू दे. मराठी, कन्नड आणि ठोकळे, तिन्हींत मागं पडला तर जाणकाराकडं ने. नुसत्या कन्नडमध्ये पडला तर त्याला कन्नडचा सराव हवा, मराठी तोडून काय होणार?

खरं एक कबूल करतो, जपून ठेव. संख्या लिहून घेताना कन्नडच सोपी. 'सत्तेचाळीस'मध्ये सात आधी ऐकू येतात आणि लिहायचा चार आधी, म्हणून ७४ होतात. 'एकोणपन्नास'चे ५९ होतात, कारण कानात पन्नास राहतं. कन्नडमधलं सत्तेचाळीस, 'नलवत्तेळु', लिहितो त्याच क्रमानं येतं, चाळीस आधी, सात मागून. तेव्हा ७४ लिहिलं म्हणून ओरडू नका. संख्या सांगून क्षणभर थांबायचं, त्याला एकदा म्हणू द्यायचं, मग लिहू द्यायचं.

दोन भाषांनी पोरगं हुशारच होतं, असंही सुन्याचं ऐकू नको. २०१३ साली मोरालेस, काल्वो आणि बियालिस्टॉक या संशोधकांना दोन भाषा बोलणारी मुलं वर्किंग मेमरीत थोडी पुढं दिसली, लक्झेंबर्गच्या २०११ च्या अभ्यासात फरकच दिसला नव्हता.

निपाणीची बदली झाली का? घर बघितलंस? चिनूच्या सगळ्या फेऱ्यांचे आकडे लिहून पाठव, उलट्या फेरीचे आधी.

तुझा,
अण्णा