अ‍ॅरागोनाइट म्हणून विकलेल्या रीफ टँकच्या वाळूबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पिशवीवर छापलेला दाणा आणि खनिज प्रत्यक्षात न मिळाल्याबद्दल परतावा व भरपाईची मागणी

महोदय / महोदया,

रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, आपल्या संकेतस्थळावरून घेतलेल्या ‘बारीक अ‍ॅरागोनाइट रीफ सँड, ०.५ ते १ मिमी’ या मालाच्या १० किलोच्या तीन पिशव्यांबद्दल ही लेखी तक्रार आहे. बिल, पिशव्यांचे फोटो आणि बॅच क्रमांक जोडले आहेत. फोनवर आपल्या प्रतिनिधीने ‘वाळू आणखी धुवा, नाहीतर टाकीत क्लॅरिफायर (गढूळ पाणी नितळ करणारे रसायन) टाका’ असे सांगितले. या दोन्ही उपायांनी काहीही साधत नाही. ते का, हे सविस्तर लिहितो, म्हणजे पुढचे उत्तर तरी तक्रार वाचून येईल.

आधी दाण्याबद्दल. पुण्यात बांधकामाची वाळू तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा चाळणीची चाचणी रोज करतात. न धुतलेला, सीलबंद पिशवीतला नमुना तिथे दिला होता. १.१८ मिमीच्या चाळणीवर ९ टक्के वाळू राहिली, त्याखाली ६०० मायक्रॉनपर्यंत (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिमी) ४१ टक्के, ३०० पर्यंत १९ टक्के, १५० पर्यंत ९ टक्के, आणि १५० मायक्रॉनच्याही खाली तब्बल २२ टक्के. म्हणजे छापलेल्या मापाचा माल निम्म्याच्या आसपास, आणि ३० किलोतले साडेसहा किलो निव्वळ पीठ.

हे पीठ साधे नाही. एक लिटरच्या काचेच्या बरणीत २०० ग्रॅम वाळू आणि पाणी घालून हलवा. अर्ध्या-एक मिलिमीटरचा दाणा काही सेकंदांत तळ गाठतो. आपल्या वाळूवरचे पाणी तीन तासांनंतरही दुधट होते. इतका वेळ तरंगणारे कण काही मायक्रॉनचे असतात. २०० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (पाणी गाळणाऱ्या कापडी पिशवीतून) ते सरळ पार जातात. क्लॅरिफायरने त्यांच्या गुठळ्या होतात हे खरे, पण गुठळ्या बसतात कुठे? प्रवाळांवर आणि पुन्हा वाळूतच. गोबी माशाने तोंडभर वाळू उचलून कल्ल्यांतून सोडली की सगळे परत वर.

राहिला धुण्याचा सल्ला. टाकीत घातलेली वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतलेलीच होती. पिशवीवर मात्र ‘धुण्याची गरज नाही, तासाभरात टाकी स्वच्छ’ असे छापले आहे. ओल्या पिशवीत जिवंत बॅक्टेरियासह येणाऱ्या वाळूला हे एकवेळ चालेल. कोरड्या, यंत्रात भरडलेल्या वाळूला नाही. धुण्यात पीठ गटारात गेले आणि १२० × ४५ सेंमीच्या तळावर पावणेचार सेंटिमीटरऐवजी जेमतेम तीन सेंटिमीटरचा थर उरला. पाणीकपातीच्या दिवसांत एवढी वाळू धुवायला लागणारे पाणी कुठून आणायचे, हा पुणेकराचा प्रश्न आपण विचारात घेतला नसेल तर नवल नाही. शिवाय धुऊन १५० ते ३०० मायक्रॉनचा भाग जात नाही. वेव्हमेकर (टाकीत लाटा उठवणारा पंप) निम्म्या वेगावर ठेवला तरी हा भाग कोपऱ्यातून उडतो, समोर ढीग होतो, मागे काच उघडी पडते, आणि हॅमर कोरल हे प्रवाळ दिवसभर मिटलेले राहते. वेग आणखी कमी करावा तर दगडांमागे घाण साचते.

धुऊन खनिजही बदलत नाही, आणि मुख्य तक्रार तीच आहे. अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात ते फसफसून विरघळते. १० ग्रॅम वाळूला ४ टक्क्यांचे पांढरे व्हिनेगर किमान ३०० मिली लागते. अर्धा लिटर घेतले, बुडबुडे थांबल्यावर ते ओतून तेवढेच ताजे घातले, पुन्हा थांबेपर्यंत ठेवले. गाळून, वाळवून वजन केले तर ३.८ ग्रॅम शिल्लक. निखळ अ‍ॅरागोनाइट असते तर चिमूटभरही उरायला नको होते. उरलेले दाणे टोकदार आहेत आणि काचेवर घासले की ओरखडा उठतो. मोह्स मापनावर अ‍ॅरागोनाइटची कठीणता ३.५ ते ४, काचेची साधारण ५.५, क्वार्ट्झची ७. तेव्हा ओरखडा कशाचा, हे सांगायला नको. काच पुसायच्या मॅग्नेट क्लीनरखाली असा एक दाणा अडकला की पुढची काच कायमची गेली. टाकीच्या समोरच्या काचेवर वाळूलगत असे तीन ओरखडे आहेत, फोटो सोबत आहे.

त्याच नमुन्यावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चुंबक फिरवले तर काळ्या दाण्यांची मिशी त्याला लटकली. वेव्हमेकर आणि रिटर्न पंपाचा (गाळलेले पाणी टाकीत परत आणणाऱ्या पंपाचा) रोटर चुंबकच असतो. हे दाणे तिथे चिकटतात आणि शाफ्ट व बुश खातात. काळे दाणे कुठून आले, हे आपणच सांगावे.

दोन गोष्टी मात्र आपल्या माथी मारत नाही. वाळूवर आलेला तपकिरी डायटमचा (सूक्ष्म शेवाळाचा) थर नव्या टाकीत कुठल्याही वाळूवर येतो. आणि सिलिका वाळू, म्हणजे क्वार्ट्झची वाळू, विषारी नसते. कित्येक जण ती समजून-उमजून वापरतात. तिला अ‍ॅरागोनाइटचे नाव आणि अ‍ॅरागोनाइटचा भाव लावू नये, इतकेच. ‘पीएच ८.२ वर स्थिर ठेवते’ हा पिशवीवरचा दावाही काढून टाका. रीफ टँकच्या नेहमीच्या पीएचला अ‍ॅरागोनाइट विरघळतच नाही, मग पीएच सांभाळणार कसे?

आता ही वाळू चालू टाकीतून काढणे भाग आहे. ती एकदम उपसली तर तिच्यातले बॅक्टेरिया जातात, अडकलेली घाण पाण्यात मिसळते आणि अमोनिया वाढू शकतो. म्हणून जाड नळीने सायफन करून पाणी बदलताना एका वेळी चौथा भाग, मध्ये आठवडाभर अंतर. प्रत्येक वेळी सुमारे ५० लिटर पाणी जाते. ३५ ग्रॅम प्रति लिटरच्या हिशेबाने चार वेळचे मिळून सात किलो रीफ सॉल्ट होते, आरओडीआयचे (गाळून क्षारमुक्त केलेले) पाणी वेगळे. नवी वाळू पंप बंद ठेवून, पीव्हीसी पाइपातून तळाशी सोडावी लागेल.

मागण्या अशा: तिन्ही पिशव्यांची पूर्ण रक्कम व पाठवणीचा खर्च; सात किलो सॉल्टची किंमत; चाळणी-चाचणीचे शुल्क; समोरची काच बदलण्याचा खर्च (अंदाजपत्रक जोडले आहे). या बॅचची विक्री थांबवून ती घेतलेल्या इतर ग्राहकांना कळवावे. पिशवीवर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश आणि उत्पादनाचे महिना-वर्ष यांपैकी काहीच नाही. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे आयात मालावर हे सारे छापावे लागते. माल आयात नसेल, तर ‘इम्पोर्टेड’ हा शब्द पिशवीवर कशासाठी?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागितली जाईल. सीलबंद पिशवीतून काढलेली दोन किलो वाळू आणि व्हिनेगरमध्ये उरलेले दाणे जपून ठेवले आहेत. आपल्याला स्वतः तपासायचे असल्यास निम्मा नमुना आपल्या खर्चाने पाठवता येईल.

आपला ग्राहक,
कोथरूड, पुणे