फोर्ट की कालिना, ते आधी विचारा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबलंय पण तेवढं छापाच, कारण जून आला की परभणी, नांदेड, जालन्याकडून कितीतरी आईबाप पोरापोरींना घेऊन मुंबईला निघतात आणि मोबाईलवर "विद्यापीठाजवळ" असं लिहिलेलं हॉटेल दिसलं की पैसे भरून मोकळे होतात. मागच्या जूनमध्ये मी तेच केलं.

मुलीला एमएला प्रवेश घ्यायचा होता, त्याची चौकशी करायला आम्ही दोघं निघालो. माझ्या डोक्यात मुंबई विद्यापीठ म्हणजे दक्षिण मुंबईत फोर्टातला राजाबाई टॉवर, दुसरं काही नाहीच. ॲपवर विद्यापीठ टाकलं, अर्धा किलोमीटर अंतर दाखवलं, फोटोत पांढरीशुभ्र गादी, २६०० रुपये अधिक टॅक्स, बुक केलं. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी सकाळी सीएसएमटीला उतरलो तर हॉटेलवाला म्हणतो रूम १२ वाजता, आत्ता पाहिजे असेल तर अर्ध्या दिवसाचे जास्तीचे द्या. वर मुलीकडं बघून नातं काय म्हणून विचारलं, तिच्या आधारवर माझं नाव आहे तरी दोनदा. आयडी मागावा, त्याबद्दल तक्रार नाही, पण बापासमोर पोरीला असं विचारायची पद्धत असते का? ती दिवसभर गप्पच होती. आणि पैसे भरून रूम उघडली तर खिडकीच नाही, प्लायवूडची भिंत, पलीकडचा माणूस फोनवर काय बोलतोय ते शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं.

हे सगळं सोसलं असतं, पण अंघोळ करून खाली आलो आणि चहावाल्याला विचारलं तेव्हा कळलं की मुलीचा विभाग इथं नाहीच, तो कालिनाला. म्हणजे सांताक्रूझ पूर्व, इथून अठरा-वीस किलोमीटर! विद्यापीठ १८५७ सालचं, जुनी वास्तू फोर्टात, तिथं कार्यालयं आहेत, लायब्ररी आहे, दीक्षान्त सभागृह आहे, कायद्याचा विभागही तिथंच, पण शिकवणारे बहुतेक विभाग आणि परीक्षा भवन कालिनाच्या विद्यानगरीत. मुंबईकरांना हे पाठ असतं, आम्हाला कोण सांगणार. घाबरून टॅक्सी केली, पावसात सायनला अडकलो, मीटर पळतोय आणि मुलगी घड्याळ बघतीय. परत येताना कालिन्याहून रिक्षा केली तर तो म्हणाला रिक्षा फोर्टात जातच नाही, बांद्रा नाहीतर सायनपर्यंतच.

तरीही माझं म्हणणं ऐका, काम कालिनाला असलं तरी राहायला फोर्टच बरं. हे मी डिसेंबरच्या खेपेवरून सांगतोय. मुलीला प्रवेश मिळाला, ती आता मुंबईतच राहते, तिला भेटायला आणि हिला मुंबई दाखवायला आम्ही चार दिवस गेलो. मुलगीच म्हणाली बाबा, कालिनाला शोधू नका, ते एअरपोर्ट आणि बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मधोमध पडतं, तिथले भाव ऑफिसच्या खर्चानं येणाऱ्यांचे असतात. आणि खरी गंमत म्हणजे सकाळी सगळी मुंबई चर्चगेटकडं येत असते, आपण उलट्या दिशेनं निघालो की लोकलमध्ये बसायला जागा मिळते, संध्याकाळी परतताना पण तेच. सांताक्रूझला पूर्वेला उतरायचं, पुढं रिक्षा. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पूर्ण सुरू झालीय, हुतात्मा चौकातून बसलं की एसीत थेट सांताक्रूझ, हिच्या गुडघ्याला तर ते फारच सोयीचं पडलं.

आणि शहर बघायचं तर फोर्टात सगळं पायाखालीच आहे. सीएसएमटीवरून हुतात्मा चौक करत राजाबाई टॉवर चालत वीस मिनिटं सुद्धा नाही. तिथून ओव्हल मैदानाच्या मधल्या वाटेनं चर्चगेट दहा मिनिटं. त्या वाटेवर मध्येच थांबा, एका हाताला विद्यापीठ, हायकोर्ट अशा जुन्या दगडी इमारती आणि दुसऱ्या हाताला गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती, २०१८ साली युनेस्कोनं या सगळ्याला जागतिक वारसा म्हटलंय. टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला, १८७८ ला पूर्ण झाला, राजाबाई त्यांच्या आईचं नाव. ही तिथं कितीतरी वेळ वर बघत उभी होती. आईच्या नावाचा एवढा मोठा टॉवर, एवढंच म्हणाली.

पण हॉटेल या वेळी फोनवर बोलून घेतलं, ॲपवर नाही. रूमचा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागितला, खिडकी उघडून दाखवा म्हटलं. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्यानं दाखवली, तेच घेतलं. कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट चालू आहे का हे विचाराच, फोर्टातल्या जुन्या इमारतीत लॉज तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असतात आणि लाकडी जिने उभे. बाथरूम आतलं की कॉमन तेही. रेल्वे पहाटे पोचते तर सामान ठेवून घेणार का, अंघोळीची सोय आहे का, आणि चेकआऊट दुपारी १२ चं की आल्यापासून २४ तासांचं, यात एका दिवसाचं भाडं वाचतं किंवा जातं. टॅक्सचंही बघा, साडेसात हजारापर्यंतच्या रूमवर आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झालाय, बिलात जुना लावलेला नाही ना ते तपासा. रात्री नऊनंतर फोर्टातल्या आतल्या गल्ल्या एकदम सामसूम होतात, एकटी मुलगी येणार असेल तर मोठ्या रस्त्यावरचंच हॉटेल घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालेल. आणि रविवारी तिथली बरीच खाण्याची ठिकाणं बंद असतात, आम्ही स्टेशनकडं जाऊन जेवलो.

आता विनंती. हॉटेलवाले आणि ॲपवाले यांनी "विद्यापीठाजवळ" एवढंच न लिहिता कुठलं आवार ते लिहावं, फोर्ट की कालिना, आणि अंतर चालत किती ते द्यावं, खिडकी नसेल तर तसं स्पष्ट म्हणावं. आणि साहेब, तुमच्या पेपरनं प्रवेशाच्या आधी एक अर्धं पान द्यावं, कुठला विभाग कुठल्या आवारात, स्टेशनवरून कसं जायचं, परवडणारं राहायचं कुठं. आमच्याकडं पेपर दुपारी का होईना येतो आणि घरातले सगळे वाचतात. माझ्या मेहुण्याचा मुलगा पण यंदा अर्ज भरतोय, त्यानं परवा फोन करून विचारलं, मामा राजाबाई टॉवरजवळ कुठं उतरू? जूनच्या आत छापलंत तर त्याच्यासारख्या पोरांच्या कामी येईल.

आपला,
एक पालक, परभणी