आवाज मागून येतो

सान सेबास्तियान,
14 ऑगस्ट

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा रात्री व्हिडिओ कॉलवर इथलं शोभेचं दारूकाम दाखवत होते तेव्हा आप्पा, तुम्ही म्हणालात, "नुसतं टिपकं टिपकं दिसतंय, काय कळंना." खरंय. फोनच्या डोळ्याला हे मावत नाही. म्हणून लिहायला बसले. आई, तूच हे पत्र वाचून दाखव, आणि मधे "पुरे आता त्या दारूचं" म्हणून थांबू नकोस. शेवटपर्यंत वाच.

या गावाला दोन नावं आहेत. स्पॅनिशमधे सान सेबास्तियान आणि इथल्या बास्क लोकांचं दोनोस्तिया. समुद्र गावात आत शिरून अर्धगोल झालाय, शिंपला उघडून ठेवावा तसा. म्हणून त्या खाडीचं नावच ला कोंचा, म्हणजे शिंपला. एका टोकाला उरगुल डोंगर, दुसऱ्या टोकाला इगेल्दो आणि बरोब्बर मधे तोंडाशी सांता क्लारा नावाचं छोटं बेट. पंधरा ऑगस्टला मेरीचा सण असतो, त्याच्या आगेमागे आठवडाभर इथे जत्रा भरते. बास्क भाषेत तिला आस्ते नागुसिया म्हणतात, थोरला आठवडा. दिवसा राजे-राण्यांचे उंच उंच पुतळे रस्त्यातून नाचत जातात. मोठ्या डोक्यांचे सोंगाडे पोरांच्या मागे लागतात. आणि रात्री पावणेअकराला शोभेच्या दारूची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. 1964 पासून चालू आहे. करोनाची दोन वर्षं सोडली तर खंड नाही. रोज रात्री एक वेगळी कंपनी, कधी स्पेनमधलीच, कधी बाहेरच्या देशातली, आणि पहिल्या नंबराला सोन्याचा शिंपला.

आप्पा, स्पर्धा. दारूची. परीक्षक बसतात, गुण देतात, दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की काल रंग चांगले होते पण मधे लय तुटली. गाण्याच्या मैफिलीबद्दल लिहावं तसं लिहितात. ते वाचलं आणि मला पहिल्यांदा तुमची आठवण आली. खरं तर नुसती आठवण नाही, थोडं अपराधीही वाटलं. त्याचं पुढे लिहिते.

पहिल्या रात्री मी लांब बसले होते. ला कोंचाची वाळू जिथे संपते तिथे एक खडक समुद्रात घुसलाय, त्याला पिको देल लोरो म्हणतात, पोपटाची चोच. दारू उडवतात ती थेट दुसऱ्या टोकाला, नगरपालिकेजवळच्या अल्देर्दी एदेर नावाच्या बागेपाशी. (ती नगरपालिकेची इमारत पूर्वी कसिनो होती. 1887 साली उघडला होता.) मधे सव्वा किलोमीटरभर पाणी आणि वाळू. पहिला गोळा वर गेला, फुटला, मोठं लाल फूल झालं, पूर्ण उमललं, खाली यायला लागलं, आणि तरी आवाज नाही. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन, जवळजवळ चार. मग आला. तोवर ते फूल विझत आलं होतं आणि दुसरं वर निघालं होतं. सगळा वेळ असंच. डोळ्यांना एक दिसतंय आणि कानांना मागचं ऐकू येतंय.

आपल्याकडे असं कधी झालंच नाही. आपल्या कवठेएकंद गावात दसऱ्याच्या रात्री ग्रामदैवत सिद्धराजाच्या पालखीपुढं औट, दारू ठासलेलं लाकूड, उडायचा तो छातीतच. उजेड आणि आवाज वेगळे असतात हेच मला लहानपणी माहीत नव्हतं. तुमच्या खांद्यावर बसून हातात धरून उडवायची शिंगटं बघायची, ठिणग्या आईच्या पदरावर पडायच्या, आणि घरी आल्यावर केसांना दोन दिवस गंधकाचा वास.

माझ्या लॅबमधली एक मैत्रीण वालेन्सियाची आहे. तिकडे दारूकाम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. मार्चमधे त्यांचा सण असतो तेव्हा रोज दुपारी दोन वाजता, भर उन्हात, गावच्या मुख्य चौकात दारू उडवतात. उन्हात रंग काय दिसणार? ते बघण्यासाठी नसतंच. ऐकण्यासाठी असतं. नुसता आवाज, ताल धरून, चढत चढत शेवटाला जमीन हलेपर्यंत. त्याला ते मास्क्लेता म्हणतात. मी तिला आपल्या औटाबद्दल सांगितलं, लाकूड कोरून त्यात ठासतात म्हणून, तर तिने जेवण ठेवून दिलं आणि तासभर विचारत बसली. कोण करतं, घरी करता का, बायका करतात का, आवाज किती अंतरावर जातो. मला निम्म्याची उत्तरं आली नाहीत. तुम्ही घरात असून मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या रात्री तिच्याबरोबर पुढे गेले, पांढऱ्या लोखंडी कठड्यापाशी. तो कठडा इथे प्रसिद्ध आहे, सगळे त्याला टेकून फोटो काढतात. इथली एक रीत अशी की दारूकाम बघायला जाताना हातात आइस्क्रीम पाहिजेच. म्हाताऱ्यांच्या हातातसुद्धा. दुकानांपुढे रांगा लागतात. आई, मी पिस्त्याचं घेतलं, आणि पहिल्या पाच मिनिटांतच ते मनगटावर ओघळलं, कारण वर बघायचं सोडून खाली कोण बघणार?

आता आप्पा, कामाचं सांगते. माती-वाळूत रोवलेल्या नळ्या असतात, हाताएवढ्यापासून मांडीएवढ्या जाडीच्या. गोळ्याखाली उडवायची दारू वेगळी आणि गोळ्याच्या पोटात फोडायची वेगळी, हे तुम्हाला सांगायला नको. पण हाताने कोणी पेटवत नाही. प्रत्येक नळीला तार, तार कॉम्प्युटरला, आणि सेकंदाच्या भागाचा हिशोब आधीच लिहून ठेवलेला. माणसं शिरस्त्राण घालून लांब उभी. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा. निळा तांब्याचा, आणि तो इथेही सगळ्यांत अवघड मानतात, कारण ज्योत जरा जास्त तापली की तांब्याचं जे संयुग निळा रंग देतं तेच मोडून जातं. तुम्ही म्हणायचा ना, "निळा काय धरत नाही आपल्याकडं." तो कुणाकडेच सहज धरत नाही. परवा मात्र एका कंपनीने धरला. गडद निळा, आपल्या शाईसारखा, आणि माझ्या शेजारचे एक आजोबा कुणाला उद्देशून नाही, असेच "हं" म्हणाले. तुमचाच "हं" होता तो.

सगळ्यांत सुंदर मला सोनेरी वाटलं. गोळा फुटतो आणि लांब लांब सोनेरी धारा खाली येत राहतात, विझतच नाहीत, पाण्याला टेकतात की काय असं वाटतं. इथे त्याला विलोचं झाड म्हणतात. मला आपल्या वडाच्या पारंब्या दिसल्या. त्यात मुख्यतः कोळसा असतो. रंगाचं एकही महागडं मीठ नाही. म्हणजे तुम्ही जे बिडाचा कीस आणि कोळशावर करायचा, त्याच जातीचं.

त्या रात्री वारा पडला होता. शेवटी शेवटी धूर तिथेच साठला आणि मोठे गोळे ढगाआड फुटले, नुसता ढग लाल-हिरवा होत होता. लोक हळहळले. वर्षभराची तयारी आणि वाऱ्याने साथ दिली नाही. कंपनीची काही चूक नाही, पण गुण जातात. मला फार वाईट वाटलं त्या माणसांचं.

आणि आता ते लिहिते, ज्यासाठी बसले.

तुमचा हात भाजला तेव्हा मी चौथीत होते. शिंगट हातात असतानाच फुटलं. सांगलीच्या दवाखान्यात तुमच्या उजव्या हाताचं बँडेज सोडताना मी दारात उभी होते, आणि नंतर घरी येऊन मी म्हटलं होतं की पुन्हा दारूला हात लावलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. तुम्ही लावला नाहीत. मंडळाची माणसं बोलवायला आली, तुम्ही चहा पाजून परत पाठवलीत. तीन बोटं नीट मिटत नाहीत तरी दर दसऱ्याला कडेला उभं राहून बघत राहिलात. मी मोठी झाले, फटाक्यांच्या विरुद्ध शाळेत भाषणं केली, बक्षिसं आणली, आणि ती तुम्हीच भिंतीवर लावलीत.

आप्पा, भीती बरोबरच होती माझी. ती मी परत घेत नाही. पण मी कलेलाच वाईट म्हटलं, आणि ते चुकलं. वाईट काय होतं, तर अंतर नव्हतं. हातात धरून उडवणं, गर्दीत उडवणं, घरात माळ्यावर साठवणं. इथे सव्वा किलोमीटर लांब बसून चार सेकंद उशिरा आवाज ऐकताना मला हे कळलं. तुम्हाला हातातलं कसब होतं, फक्त ते हातापासून लांब ठेवायची सोय कुणी करून दिली नाही.

अंतराने काहीतरी जातंही, ते मी नाकारत नाही. चेहऱ्याला धग लागत नाही. इथल्या लोकांनाही ते जाणवत असावं, कारण दारूकाम संपलं की जुन्या गावात आगीचा बैल निघतो. एक माणूस बैलाचा सांगाडा डोक्यावर घेऊन पळतो, त्यावर ठिणग्या उडवणाऱ्या नळ्या बांधलेल्या, आणि पोरं किंचाळत त्याच्या पुढे पळतात, आई-बाप हसत भिंतीला चिकटून उभे. मीही पळाले. जुनी ओढणी घेतली होती, तिला एक भोक पडलंय. आई, रागावू नकोस.

ज्या गल्ल्यांतून तो बैल पळतो, ते अख्खं गाव 31 ऑगस्ट 1813 ला जळालं होतं. फ्रेंचांकडून गाव जिंकून घेणाऱ्या इंग्रज आणि पोर्तुगीज सैन्यानेच लुटलं आणि आग लागली. एक गल्ली तेवढी वाचली, तिचं नावच आता 31 ऑगस्टची गल्ली. गेल्या वर्षी मी त्या दिवशी गेले होते, सगळ्या गॅलऱ्यांत मेणबत्त्या लावतात. दोन आठवडे आधी याच गावात आगीचा बैल पळतो आणि मग त्या मेणबत्त्या. मला त्याचा अर्थ लावता येत नाही, पण बघताना घशाशी येतं.

मी दसऱ्याला येतेय. रजा मिळाली, तिकीट काढलं. आल्यावर मंडळाच्या पोरांना एकदा घरी बोलवा. तारांवर लांबून कसं पेटवतात, गर्दी अडवायची दोरी किती लांब बांधायची, नळ्या कशा रोवतात, जेवढं बघितलंय तेवढं मी सांगेन. परवानगीचे कागद लागतील ते मी बघते. बाकीचं तुम्ही सांगायचं. तुम्ही आखणी करायची, हात लावायचा नाही. चालेल?

आज पहाटे लॅबला जाण्याआधी किनाऱ्यावर गेले होते. ओहोटी होती, सफाईवाले ट्रॅक्टर फिरत होते. पाण्याच्या कडेला मला फुटक्या गोळ्याची अर्धी वाटी सापडली, नारळाच्या करवंटीएवढी. कागदाची. तपकिरी कागदाचे थर एकावर एक चिकटवलेले, तुम्ही कागदी शिंगटांना चिकटवायचा तसेच आडवे-उभे. काठाशी मी नऊ मोजले, आतले ओले होऊन एक झालेत. धुऊन, वाळवून खिडकीत ठेवलीय. दसऱ्याला घेऊन येते. आई तुमच्यासाठी गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, ती वाळली की कागदाला जी चमक यायची तशीच चमक याला आहे. ही खळ कशाची असेल, ते तुम्ही हातात घेऊन सांगा.

तुमची,
ताई