पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो का? सरांना एक आभारपत्र

आदरणीय सरांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइल फक्त फोन घेण्यापुरता वापरता, म्हणजे हे पत्र कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवणार. तरीही उघडपणे लिहिते आहे. भाषा शिकवता शिकवता विज्ञानाच्या तासिका अंगावर आलेले बाई-गुरुजी पुष्कळ आहेत, आणि महाविद्यालयातून निवृत्त होऊन गावी परतलेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही कमी नाहीत. दोघांची गाठ पडत नाही एवढंच.

माझा विषय मराठी. विज्ञानाच्या गुरुजींची बदली झाली, जागा रिकामी राहिली आणि सातवीचं विज्ञान माझ्याकडे आलं. प्रकाशसंश्लेषण शिकवताना एका मुलाने विचारलं, "बाई, पिंपळ रात्रीपण ऑक्सिजन सोडतो ना? आजोबांच्या मोबाइलवर आलंय." लगेच मागून कोणीतरी तुळशीचं नाव पुढे केलं. पुस्तकातलं उत्तर मला ठाऊक होतं. पण ते सांगून काय होणार होतं? एका बाजूला बाईंचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला आजोबांचा मोबाइल. मुलांनी कोणावर विश्वास ठेवायचा, एवढाच प्रश्न उरला असता. म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही चहा दिलात, उत्तर दिलं नाहीत. "पोरांना विचारा, हे खोटं असेल तर आपल्याला काय दिसायला हवं?" हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच शाळेत आलात. पानटपरीवरचा खायचा चुना पाण्यात ढवळून ठेवला, वरची निवळी वाटीत काढली; कार्बन डायऑक्साइड मिसळला की ती दुधाळ होते. लोणच्याच्या दोन मोठ्या रिकाम्या बरण्या. एकीत तुळशीची लहान कुंडी आणि निवळीची वाटी, दुसरीत नुसती वाटी. दोन्ही घट्ट बंद करून काळ्या कापडाखाली. (तुळस अशी कोंडायची म्हटल्यावर एका आजींनी हरकत घेतली होती. तुम्ही वाद घातला नाहीत. मंजिरीतून उगवलेलं नवं रोप आणलंत आणि काम झाल्यावर ते त्यांच्याच अंगणात लावून आलात.) काय दिसेल याचा अंदाज प्रत्येकाने आधी वहीत लिहायचा, तोही पेनाने, हा नियम तुमचा. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज निकाल पाहून बदलतो, असं तुम्ही म्हणालात तेव्हा वर्ग हसला. मला मात्र शिक्षक-प्रशिक्षणात विज्ञानाच्या पद्धतीवर लिहिलेलं पानभर उत्तर आठवलं. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष असं सगळं ओळीने लिहिलं होतं मी, पण अंदाज आधी का नोंदवायचा हे त्यात कुठेच नव्हतं.

सकाळी तुळशीच्या बरणीतली निवळी दुधाळ झाली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या: तुळस रात्री कार्बन डायऑक्साइड सोडते, आजोबा हरले! तुम्ही वर्ग शांत होऊ दिलात आणि विचारलंत, "तुळस सोडते, की कुंडीतली माती?"

मातीतले सूक्ष्मजीवही श्वसन करतात हे मुलांना माहीत नव्हतं, माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मग तिसरी बरणी आली, तिच्यात नुसत्या मातीची कुंडी. रोपाच्या कुंडीवर प्लास्टिक घेऊन ते खोडाभोवती घट्ट बांधलं. रिकाम्या बरणीतल्या वाटीवरही पातळ साय धरली होती, कारण हवेतच सुमारे 0.04 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. नुसत्या मातीनेही निवळी गढूळ केली. पण माती बांधून टाकल्यावरही तुळशीच्या बरणीतली वाटी रिकाम्या बरणीतल्या वाटीपेक्षा कितीतरी पांढरी झाली, तेव्हा कुठे तुम्ही मान डोलावलीत. तुलनेसाठी शेजारी ठेवलेल्या रिकाम्या बरणीला तुम्ही 'कंट्रोल' म्हणालात. आता वर्गात कोणी काही ठोकून दिलं की बाकीची मुलं ओरडतात, "कंट्रोल कुठाय?" मधल्या सुट्टीतल्या भांडणांतसुद्धा.

एवढं होऊनही तुम्ही आम्हाला जिंकू दिलं नाहीत. तुळस अंधारात कार्बन डायऑक्साइड सोडते, इतकंच कळलं. ती सोबत थोडा ऑक्सिजन सोडत नसेल कशावरून? त्यासाठी ओढ्यातली हायड्रिला ही पाणवनस्पती आणली. काचेच्या भांड्यात पाणी, चिमूटभर खायचा सोडा, वनस्पतीवर उपडं नरसाळं, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवल्यावर ऑक्सिजनच्या बुडबुड्यांची माळ सुरू झाली, काळं कापड टाकल्यावर हळूहळू थांबली, कापड काढल्यावर पुन्हा सुरू. त्यावरही तुमचं म्हणणं: हे हायड्रिलाचं झालं, पिंपळाचं नाही.

पिंपळापर्यंत पोचायला तुमच्या ओट्यावरची एक संध्याकाळ लागली. हेल्माँटची गोष्ट मी तिथे पहिल्यांदा ऐकली आणि नंतर प्रत्येक वर्गाला सांगत आले. सतराव्या शतकातला ब्रसेल्सचा हा वैद्य. भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती मोठ्या कुंडीत भरतो, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावतो आणि 5 वर्षं फक्त पाणी घालतो. बाहेरची धूळ पडू नये म्हणून कुंडीला भोकाभोकांचं पत्र्याचं झाकण. शेवटी झाड भरलं 169 पौंड आणि सुमारे 3 औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तर कमी झाली होती जेमतेम 2 औंस. झाड माती खाऊन वाढतं ही समजूत त्या तराजूने मोडली. त्यावरून हेल्माँटने ठरवलं की झाड म्हणजे निव्वळ पाणी. तोलायला तो चुकला नव्हता, पण हवा त्याने हिशेबात धरलीच नाही. गंमत म्हणजे कोळसा जळताना सुटणाऱ्या वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, अभ्यास करणारा माणूस तोच! हे सगळं छापून आलं 1648 साली, तो गेल्यानंतर.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "पण पानगळीची पानं कुठं मोजली त्यानं?" चार पानगळींची पानं आपण तोलली नाहीत, हे हेल्माँटने स्वतःच लिहून ठेवलं आहे असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता. मला स्वतःला हेल्माँट या एका नोंदीमुळे आवडतो. काय मोजलं नाही ते तो लपवत नाही.

पुढचं थोडक्यात. 1771 च्या ऑगस्टमध्ये प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाने मेणबत्ती विझलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली, आणि दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. पण तोच प्रयोग पुन्हा करताना कधी जमे, कधी फसे. 1779 मध्ये इंगेनहाउझ या डच वैद्याने कारण शोधलं: उजेड लागतो, आणि झाडाचा भाग हिरवा असावा लागतो, अंधारात झाडं उलट हवा बिघडवतात. मग 1941 मध्ये रुबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा, ओळखता येणारा प्रकार) वापरून क्लोरेला शेवाळावर दाखवलं की बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो. पाण्याचा रेणू तोडायला उजेड लागतो. रात्री ऑक्सिजन सोडायचा तर पिंपळाकडे निराळीच यंत्रणा हवी, आणि तशी आजवर कोणत्याही झाडात सापडलेली नाही. हे आजोबांनाही पटलं. त्यांचा पुढचा प्रश्न होता, मग रात्री झाडाखाली झोपलेला माणूस गुदमरतो ते? घरातल्या कुंडीपेक्षा शेजारी घोरणारा माणूस कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे तुमचं उत्तर त्यांनी पारावर सगळ्यांना ऐकवलं आहे.

सर, तुम्ही मानधन घेतलं नाहीत, सत्कार नको म्हणालात, शाल तर परतच केलीत. म्हणून शब्दांनीच मनापासून आभार मानते.

आणि लगेच एक काम सांगते. पानफुटीचं पान सकाळी आंबट असतं आणि दुपारनंतर तो आंबटपणा उतरतो, हे हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्याच देशात पानं चाखून ओळखलं आणि 1813 साली पत्राने कळवलं, असं तुम्ही सांगितलं होतं. ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, मग आमची तुळस का नाही, असा वर्गाचा प्रश्न आहे. पान चाखायचं नाही ही तुमची ताकीद पाळली आहे, त्यामुळे आंबटपणा दाखवणारा पीएच पेपर हवा. जुन्या महाविद्यालयातून एखादी पट्ट्यांची पुडी मिळाली तर सोमवारी घेऊन या. सकाळी साडेसातला पहिलं पान तोडायचं ठरलं आहे. अंदाज वह्यांत लिहून झालेत, पेनाने.

आपली,
सातवीच्या वर्गाच्या बाई